गिअरबॉक्स खोलायच्या आधी

गॅरेजमध्ये गाडी लावून “गिअरबॉक्स आवाज करतोय, बघा जरा” एवढंच सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “बॉक्स उतरवावा लागेल.” लागेलही कदाचित. पण बॉक्स उतरवायचा म्हणजे दोन्ही एक्सल काढायचे, माउंटिंग सोडायची, काही गाड्यांत सबफ्रेमही खाली घ्यायची. मजुरीतला सगळ्यात मोठा आकडा तोच. म्हणून त्या वाक्याला हो म्हणण्याआधी थोडी तयारी घरूनच करून जावी. आवाज कसा आहे यात फार अडकू नका. घरघर, गुणगुण, शिट्टी, खरखर हे शब्द ज्याचे त्याचे. तो कधी थांबतो हे सांगता आलं, तर मेकॅनिकचं अर्धं काम तिथेच होतं.

सुरुवात कागदापासून करा. मुंबईत आज ज्या मॅन्युअल, दमदार गाड्या हौसेने पाळल्या जातात, त्यातल्या बऱ्याच दोन-तीन हातांतून फिरलेल्या असतात. होंडा सिटीची पहिली व्हीटेक, ऑक्टाव्हिया आरएस, लिनिया टी-जेट, पुंटो अबार्थ, यादी तुम्हालाही पाठ असेल. आधीच्या मालकाने काय काय बदललं ते जमेल तितकं लिहून काढा. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनमागचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं जड चाक) काढून हलका सिंगल मास बसवला असेल, तर न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीचा गिअरबॉक्स खडखडणारच. इंजिनचे झटके गिळणाऱ्या स्प्रिंगा गेल्या, ते झटके आता मोकळ्या फिरणाऱ्या गिअरच्या दातांवर येतात. त्यात बिघाड काही नाही. पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग बसवली असतील तर पूर्वी रबरात जिरणारे आवाज थेट केबिनमध्ये येतात. रिव्हर्सचे दात बऱ्याच बॉक्समध्ये सरळ कापलेले असतात, म्हणून गाडी मागे घेताना ती किंचाळते. कारखान्यातून निघाली तेव्हाही किंचाळत होती. क्लच प्लेटवाला लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक नुसतं घसरत फिरू नये म्हणून दोन्ही चाकांना बांधणारा) असेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पूर्ण वळण घेताना कुरकुर होते. ती बहुतेक वेळा तेलाची गोष्ट असते, त्यासाठी फ्रिक्शन मॉडिफायर असलेलं तेल मिळतं. या चार ओळी मेकॅनिकला आधीच वाचून दाखवल्या नाहीत, तर तो प्रामाणिकपणे चुकीच्या ठिकाणी शोधत बसेल.

त्याच कागदावर गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं आणि कोणतं घातलं, तेही हवं. इथे मी जरा रेंगाळणार, कारण इतक्या स्वस्तात सुटणारा आवाज दुसरा नाही. आपल्याकडे अजून कितीतरी ठिकाणी गिअर ऑइल म्हणजे ‘नव्वद नंबर’, गाडी कुठलीही असो. नव्वदच्या दशकातल्या होंडाच्या मॅन्युअल बॉक्सला कंपनीचं पातळ एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं. तेव्हा तर १०डब्ल्यू-३० इंजिन ऑइलही चालायचं. त्यात जाड नव्वद नंबर ओतला की सकाळी पहिल्यातून दुसरा पडत नाही, गिअर पडताना वेग जुळवून देणारा सिंक्रो घासतो आणि दोष मात्र गिअरवर येतो. दुसरा गोंधळ गिअर तेलाच्या जीएल-४ आणि जीएल-५ या दर्जांचा. पाच हा आकडा मोठा म्हणून तेल भारी, असं समजू नका. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची अतिदाबाची द्रव्यं जास्त असतात, हायपॉइड डिफरन्शियलसाठी. पितळी सिंक्रो रिंगला ती मानवतीलच असं नाही, आणि ज्या घर्षणावर सिंक्रो चालतो तेच ती कमी करतात. मालकाच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला, त्याहून जास्त हुशारी नको.

आता आवाजाकडे. उभ्या गाडीची तपासणी घरीच करा, पण तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं कान लावून बसू नका. धूर तिथेच कोंडतो. मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करा. क्लचवरून पाय पूर्ण काढा आणि ऐका. मग क्लच सावकाश तळापर्यंत दाबा. पाय वर असताना आवाज आणि दाबल्यावर शांत, तर इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद बॉक्समध्ये आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग किंवा मघाशी म्हटला तो फ्लायव्हीलचा खडखडाट, कारण क्लच दाबला की इनपुट शाफ्ट थांबतो. उलट, दाबल्यावरच कुईकुई सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लचला दाबणारं बेअरिंग. ते गिअरबॉक्सच्या आतलं दुखणंच नाही, फक्त वाटेत गिअरबॉक्स येतो. काही गाड्यांत ते बेअरिंग आणि त्याला ढकलणारा हायड्रॉलिक स्लेव्ह सिलिंडर एकच असतं, मग दोन्ही मिळूनच बदलावं लागतं. इंजिन बंद करताना शेवटच्या क्षणी एक ठोका ऐकू येत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हीलवर संशय घ्या.

रिव्हर्स टाकताना खर्र होतं? क्लच दाबून पाच सेकंद थांबा आणि मग टाका. तरीही खर्र झालं तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. सिंक्रोला दोष देण्याआधी क्लचचं हायड्रॉलिक आणि त्यातली हवा बघा. गिअरचा दांडा कंप पावत झिणझिणत असेल तर हलकेच बोट लावा. बोट लावताच थांबला तर लिंकेजची, म्हणजे दांडा आणि बॉक्समधल्या जोडणीची, बुश. दांड्याचा पल्ला कमी करणारा शॉर्ट शिफ्टर बसवलेल्या गाड्यांत हे हमखास. मात्र अ‍ॅक्सिलरेटर सोडताना आणि दाबताना दांडा स्वतःच पुढेमागे सरकत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका: माउंटिंग गेलेलं आहे, किंवा आतला शाफ्ट जागचा सरकतोय.

चालत्या गाडीसाठी रविवारी पहाटेची वेळ, बीकेसीतला एखादा सरळ रस्ता किंवा ईस्टर्न फ्रीवे धरा, आणि शेजारी बसायला माणूस न्या. ऐकायचं त्याने, चालवायचं तुम्ही. म्युझिक बंद, एसी बंद, पंखाही बंद. रस्ता निवडताना त्याचा पृष्ठभाग बघा. महापालिकेने रस्तोरस्ती काँक्रीट केलंय, आणि त्यावरच्या रेघांमुळे टायर असे गातात की व्हील बेअरिंगची गुणगुण त्यात हरवते. डांबर मिळालं तर डांबरावरच ऐका. फ्रीवेच्या बोगद्यात भिंतीवरून आवाज परत येतो. तो मोठा वाटतो पण कुठून येतो ते कळेनासं होतं. कठड्यालगत, काच चार बोटं खाली करून चालवणं त्यापेक्षा बरं.

सगळ्यात जास्त सांगून जाणारी चाचणी साधी आहे. ताशी ५० ला तिसऱ्या गिअरमध्ये ऐका, मग त्याच ५० ला चौथ्यात. आवाजाची पट्टी तीच राहिली, तर तो चाकांच्या वेगाला बांधलेला आहे: आउटपुट शाफ्ट, डिफरन्शियल, व्हील बेअरिंग किंवा टायर. पट्टी इंजिनबरोबर खाली आली तर इनपुट बाजू, क्लच किंवा इंजिनच. एकाच गिअरमध्ये आवाज आणि बाकी सगळ्यांत शांतता असेल तर त्या गिअरचे दात किंवा त्याखालचं नीडल बेअरिंग. जोर दिल्यावर एक आवाज आणि पाय काढल्यावर वेगळा, असं असेल तर टेपर बेअरिंगचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) किंवा दातांची बसण सैल झाली असावी. आधी कुणी बॉक्स उघडून शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) न मोजता बंद केला असेल तर हे नेमकं असंच होतं, म्हणून तो इतिहासाचा कागद. रस्ता मोकळा असेल तर एकदा न्यूट्रल टाकून गाडी वाहू द्या. आवाज तसाच राहिला, तर इंजिन आणि क्लच दोघेही निर्दोष सुटले.

गाडी सौम्यपणे डावी-उजवी डोलवून पाहा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा गुणगुण वाढली तर उजवं व्हील बेअरिंग. पुढचे टायर मागे टाकल्यावर आवाजही मागे गेला, तर बेअरिंगही नाही, टायर पायऱ्या-पायऱ्यांनी झिजलाय. पूर्ण वळणात टकटक झाली तर एक्सलचा बाहेरचा सीव्ही जॉइंट. आणि खाली वाकून एकदा बघाच. गाडी खाली बसवलेली असेल तर आपल्या स्पीडब्रेकरांनी इंजिनखालचं प्लास्टिक किंवा एक्झॉस्टची हीट शील्ड वाकवलेली असते, आणि ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून आलेली गाडी एका क्लॅम्पवर घरी जाते.

शेजारच्याला फोनवर व्हिडिओ काढायला सांगा, पण आरपीएमचा काटा आणि स्पीडोमीटर दोन्ही त्यात दिसले पाहिजेत. नुसता आवाज ऐकून काही कळत नाही. हौस असेल तर फोनवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं अ‍ॅप टाका. ३००० आरपीएमला इनपुट शाफ्ट सेकंदाला ५० फेरे मारतो. त्यावरच्या गिअरला ३० दात असतील तर दातांचा सूर १५०० हर्ट्झला दिसतो. बेअरिंगचा आवाज असा नेमक्या पूर्णांकात बसत नाही. दातांची संख्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. हे न केल्याने काही अडत नाही, पण केलं की वाद मिटतात.

पावसाळ्याचं वेगळं. मिलन सबवे, अंधेरी सबवे, हिंदमाता, यापैकी कुठे गाडी पाण्यातून काढली होती का, हे आठवून लिहा. तापलेला बॉक्स थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा येण्याजाण्याच्या छिद्रातून) किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. महिनाभराने, सगळं विसरल्यावर, बेअरिंग गुणगुणायला लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा रस्त्यावर असलेल्या गाड्यांपैकी काही आजही विकल्या जातात. त्या काळातली गाडी घेतली असेल तर सीटखालच्या रुळांवर आणि गालिच्याखाली गंज आहे का ते बघा. विक्रेता सांगेल याची वाट पाहू नका.

आता गॅरेज. गाडी सकाळी सोडून ऑफिसला जाऊ नका. आवाज थंड बॉक्सवर येत असेल तर गाडी रात्रीच तिथे लावा, गरम झाल्यावर येत असेल तर चालवत तापवून न्या. उस्तादला शेजारी बसवून तीच फेरी मारा, मग त्याला चालवू द्या. लिफ्टवर चढवून चाकं फिरवून ऐकतात, त्याचा उपयोग आहे, पण मर्यादित. चाकं लोंबकळल्यावर एक्सल एरवी नसतो इतका तिरका होतो आणि नसलेला आवाज काढतो. शिवाय दातांवर भार नसल्याने असलेला आवाज गप्प बसतो. मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रूड्रायव्हर बॉक्सच्या कवचावर बेअरिंगपाशी टेकवून ऐकणं जास्त खात्रीचं. हात आणि मोकळे कपडे एक्सलपासून लांब.

बॉक्स उतरवण्याआधी तेल काढायला सांगा, तेही तुमच्यासमोर, स्वच्छ भांड्यात. आधी फिलरचा, म्हणजे तेल भरायचा, बोल्ट सुटतो की नाही ते बघा. तेल काढून झाल्यावर तो गंजून अडकलेला निघाला तर गाडी तिथेच राहते. तेल किती निघालं ते मोजा, कमी निघालं तर कारण तिथेच असेल. ड्रेन बोल्टच्या चुंबकावर राखाडी, बोटावर गुळगुळीत लागणारा लेप असेल तर ते नेहमीचं झिजणं. बोटाला टोचणारे तुकडे, सुईसारखे लोखंडी काटे किंवा दाताचा टवका दिसला तर उघडण्यावाचून इलाज नाही. तेलात सोनेरी चकाकी म्हणजे सिंक्रोची पितळ. दुधाळ कॉफीचा रंग म्हणजे पाणी. तेल नुसतंच जुनं आणि कमी असेल, धातू नसेल, तर योग्य तेल भरून काही दिवस चालवून बघायचा हट्ट धरा. आवाज करणारं बेअरिंग त्याने बरं होत नाही, पण सिंक्रोची कुरकुर कित्येकदा जाते.

उघडायचं ठरलंच तर मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहून घ्या. बॉक्स खाली आल्यावर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील आणि दोन्ही एक्सल सील त्याच वेळी बघून घेतली तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागत नाही. बेअरिंगांवरचे नंबर उतरवून घ्या. साधं बॉल बेअरिंग असेल तर नंबर बोलतो: ६२०५ मधल्या शेवटच्या ०५ ला पाचाने गुणलं की आतलं भोक, २५ मिलिमीटर. पुढे सी३ लिहिलं असेल तर आत जास्त मोकळीक. ते अक्षर चुकवून साधं आणू नका. नागदेवी स्ट्रीटवर अशी बेअरिंगं मिळतात, पण गिअरबॉक्सचे काही नंबर खास त्या गाडीपुरते असतात आणि नकली मालही फिरतो, तेव्हा बिल देणाऱ्या डीलरकडूनच घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना अख्खा बॉक्स मिळाला तर मोह होतो. हाताने शाफ्ट फिरवून, सगळे गिअर टाकून, ड्रेन बोल्ट उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तोही कुणाच्या तरी आवाज करणाऱ्या गाडीतून निघालेला असू शकतो.

काढलेले भाग परत मागा आणि उजेडात बघा. बेअरिंगच्या रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) खड्डे आणि गंजाचे डाग असतील तर पाणी शिरलं होतं, म्हणजे ब्रीदर आणि सील तपासल्याशिवाय नवं बेअरिंग बसवण्यात अर्थ नाही. निळसर झाक असेल तर तेल कमी पडून तापलं होतं, मग गळती शोधायची. बॉक्स परत चढल्यावर पहिलं तेल नेहमीपेक्षा खूप लवकर, थोडं चालवून झालं की काढा, आणि चुंबकी बोल्ट पुसून त्याचा फोटो ठेवा. पुढच्या तेलबदलाला लेप त्याहून कमी दिसायला हवा.