ब्रॉडबँडची कंपनी बदलताना इंग्रजीत काय लिहाल?
घोडबंदर रोडला राहता आणि ब्रॉडबँडची कंपनी बदलायची आहे? मग ईमेलमध्ये 'शिफ्ट माय कनेक्शन' लिहू नका. शिफ्ट म्हणजे तेच कनेक्शन नव्या पत्त्यावर. मला तर नवीन पत्ता विचारायला फोन आला होता! लिहा: 'आय ॲम स्विचिंग टू अनदर प्रोव्हायडर. प्लीज कॅन्सल माय कनेक्शन.' दुसरं वाक्य अजिबात गाळू नका, नाहीतर जुनं बिल चालू राहू शकतं.

नुसतं 'कंपनी बदलणं' म्हणायचं तर 'स्विच प्रोव्हायडर्स', अनेकवचनात, कारण बदलात कंपन्या दोन असतात. ठाण्याला उतरून वाशीची लोकल पकडणं म्हणजे 'चेंज ट्रेन्स', अगदी तसंच.

मोबाइलला मात्र 'पोर्ट': नंबर तोच, कंपनी दुसरी.