सिंकथिंगचं वेब पान कोअरपासून वेगळं कसं करायचं

सांगलीत गावभाग, हरभट रोडकडं ज्यांचं दुकान आहे त्यांना २०१९ चा महापूर वेगळा सांगायला नको. फोटो स्टुडिओ किंवा डीटीपीचं काम असेल तर फाइलींची एक कॉपी मिरजेला घरच्या पीसीवर पायजेच, आणि त्याला सिंकथिंग (दोन पीसींवरची फोल्डरं आपोआप सारखी ठेवणारं सॉफ्टवेअर) एक नंबर, कारण फाइली साठवून ठेवणारा मधला सर्व्हरच नसतो. डोकेदुखी आहे ती त्याच्या वेब पानाची. काउंटरवरच्या पोराला बघायचं असतं फक्त 'मिरजेला पोचलं का', आणि त्याच पानावर फोल्डर काढून टाकायचं बटण पण असतं. म्हणून पोराला वेगळं, नुसतं बघायचं साधं पान द्यायचं आणि सिंक करणारा मूळ भाग, म्हणजे कोअर, त्यापासून लांब ठेवायचा.

पयलं डोक्यात येतं की कॉन्फिग डॉट एक्सएमएल ही सेटिंगची फाइल उघडून जीयूआय, म्हणजे ते वेब पान, बंद करून टाकू. नका करू. जीयूआय आणि रेस्ट एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामनं सिंकथिंगला माहिती विचारायची किंवा हुकूम द्यायची सोय) दोन्ही एकाच ८३८४ पोर्टवर असतात, तिथं एनेबल्ड फॉल्स केलं की एपीआय पण गेलं, मग तुमचं नवीन पान विचारणार कुणाला? एसटीजीयूआय-अ‍ॅसेट्स नावाचा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू करताना बाहेरून द्यायचं सेटिंग) देऊन आपलं एचटीएमएल आत घालता येतं, पण तो माझ्या मते नुसता रंगकाम आहे, मागं सगळं एपीआय त्याच पोर्टवर उघडंच राहतं.

बरोबर रस्ता असा. सिंकथिंगचा जीयूआय पत्ता १२७.०.०.१:८३८४ वरच ठेवा (१२७.०.०.१ म्हणजे लोकलहोस्ट, ती मशीन स्वतः), म्हणजे त्या मशीनबाहेरून कुणी येऊच शकत नाही. मग त्याच मशीनवर एनजिनएक्स (पान दाखवणारा आणि मागणी पुढं पोचवणारा वेब सर्व्हर) टाका, आपलं साधं पान तिथनं सर्व्ह करा आणि एपीआयचे फक्त दोन पत्ते पुढं पास करा: रेस्ट/डीबी/कम्प्लीशन आणि रेस्ट/सिस्टिम/कनेक्शन्स. एक्स-एपीआय-की हा हेडर (मागणीबरोबर जाणारी चिठ्ठी, तिच्यात एपीआयची गुप्त की असते) एनजिनएक्सनं स्वतः लावायचा, पानाच्या जावास्क्रिप्टमधे की टाकली तर ब्राउझरमधे कुणीपण वाचंल.

इथं बरेच जण अख्खं रेस्ट उघडतात आणि 'गेट (GET, नुसती माहिती वाचायची मागणी) सोडून बाकी बंद केलंय की' म्हणतात. पण रेस्ट/कॉन्फिगला नुसती गेट रिक्वेस्ट मारली तरी सगळं कॉन्फिग बाहेर येतं, त्यात ती एपीआय की पण असते, आणि की मिळाली म्हणजे घराची किल्लीच दिली की. म्हणून पत्ते एकेक करून, तंतोतंत जुळणारे उघडा, गेट सोडून बाकी बंद ते आहेच, आणि उरलेल्या सगळ्याला सरळ नकार.

होस्ट चेक एरर आला तर घाबरू नका. नेटवरनं उचललेल्या कॉन्फिगमधे होस्ट हेडर (ब्राउझरनं कुठल्या नावानं पान मागितलं ते) जसाच्या तसा पुढं पाठवायची ओळ असते, सिंकथिंग लोकलहोस्टवर ऐकत असताना अनोळखी नाव बघून दार लावतं. तिथं लोकलहोस्ट लिहा. होस्ट चेकच बंद करायचं सेटिंग आहे, त्याला हात लावू नका.

पानात कम्प्लीशनला मिरजेच्या पीसीचा डिव्हाइस आयडी (सिंकथिंगनं त्या पीसीला दिलेली ओळख) द्या, टक्के येतात. ९५ वर अडकलं तर बहुतेक डेटा सगळा गेलाय, नुसतं डिलीट करायचं बाकी आहे. रेस्ट/डीबी/स्टेटस हा फोल्डरची स्थिती सांगणारा तिसरा पत्ता दर दोन सेकंदाला मारत बसू नका, ती जड कॉल आहे, जुना पीसी धापा टाकंल.

आता टेस्ट. एनजिनएक्स बंद करा आणि फोल्डरमधे एक फोटो टाका, मिरजेला गेला पायजे, कारण सिंकचं काम २२००० पोर्टवरनं चालतं, पानाचा त्याच्याशी संबंध नाही (फायरवॉलमधे २२००० ला धक्का लावू नका). मग एनजिनएक्स परत चालू करून दुकानाच्या वायफायवरच्या मोबाइलवरनं रेस्ट/कॉन्फिग उघडून बघा. तिथं नकार आला तरच काउंटरवरच्या पोराला पत्ता द्या.