टार्गेट सांगणाऱ्यांची वही

मी नागपूरच्या कळमना मार्केटात संत्र्याच्या एका अडतीत हिशेब लिहिते. भाचा मिहानात नोकरीला आहे, त्याला अमेरिकन शेअरांचा नाद लागला. परवा त्याने मायक्रॉन या मेमरी चिप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या नव्या टार्गेटचा फोटो पाठवला. टार्गेट म्हणजे शेअरचा भाव कुठवर जाईल, हा तज्ज्ञाचा अंदाज. खाली लिहिलं होतं, "मावशी, सगळे घेऊन राहिले, आपण काहून थांबायचं?"

त्याला म्हटलं, आधी शंभर पानी वही आण. रकाने चार: तारीख, त्या दिवशीचा भाव, टार्गेट, कारण. फोटोवर तारीखच नसेल तर तो पुसून टाक. टार्गेट बहुतेक वेळा बारा महिन्यांचं असतं, म्हणून वर्षभरानंतरच्या पानावर आजच खूण करून ठेवायची.

वही भरत गेली की एक गोष्ट दिसते: आधी टार्गेट हललं की भाव? 2022 च्या जानेवारीत मायक्रॉन शंभर डॉलरच्या जवळ गेला होता, वर्ष सरताना पन्नासच्या आसपास आला. त्या वर्षीचा एक तज्ज्ञ माझ्या वहीत आहे. भाव पडला की महिनाभरात याचं टार्गेट खाली, शेरा मात्र शेवटपर्यंत 'खरेदी करा'. लिलाव उरकल्यावर भाव सांगणारे आमच्याकडेही आहेत, त्यांना आम्ही चहा पाजतो, माल देत नाही. या तज्ज्ञाच्या नादी लागून मी पैसे घालवले, म्हणून तर वही सुरू झाली.

कारणाच्या रकान्यात 'एआयमुळे मागणी' एवढंच असेल तर तो रकाना रिकामा धरायचा. 'दोन तिमाहीत ग्राहकांकडचा साठा उतरेल' हे कारण झालं, कारण ते खोटं ठरू शकतं. एखाद्याचं टार्गेट चुकलं पण कारण बरोबर निघालं, तर मी त्याला ठेवते. उलट झालं तर नाही. अहवालाच्या शेवटचं बारीक अक्षरातलं पानही वाचायचं. त्या कंपनीकडून ब्रोकरेजला धंदा मिळतो का, ते तिथंच असतं. भारतीय सल्लागार असेल तर सेबीचा नोंदणी क्रमांक बघायचा. पण तो परवाना आहे, हुशारीचा दाखला नव्हे.

आता माल. मेमरी चिप संत्र्यासारखी आहे. भाव चढला की सगळे कलमं लावतात, फळ येईस्तोवर चार-पाच वर्षं जातात, आणि मग सगळ्यांचा माल एकदमच उतरतो. चिपचा कारखानाही उभा राहायला वर्षं घेतो. जपानची मेमरी चिप कंपनी एल्पिडा 2012 मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढच्या वर्षी मायक्रॉनने ती घेतली. डीरॅममध्ये, म्हणजे संगणक-मोबाइलच्या चालू कामाच्या मेमरीत, मोठे तीनच उरले: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन. 'आता तिघंच आहेत, मंदी येत नाही' असं सांगणारे तेव्हापासून पुष्कळ. मायक्रॉनची विक्री 2022 च्या आर्थिक वर्षात सुमारे 3,080 कोटी डॉलर होती, 2023 मध्ये 1,550 कोटी, वर तोटा 580 कोटींच्या पुढे. एकाच तिमाहीत साठ्याची किंमत हिशेबात 143 कोटींनी कमी दाखवावी लागली. 2025 मध्ये हीच विक्री 3,700 कोटींपार.

म्हणून पीईला, म्हणजे भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे त्या आकड्याला, भुलायचं नाही. तो जानेवारीतला शंभराचा भाव त्या वर्षीच्या नफ्याच्या बारा-तेरा पटच होता, म्हणजे स्वस्त! नफा शिखरावर असतो तेव्हा पीई बारीक दिसतो, तोट्यात तर पीई उरतच नाही.

त्यापेक्षा दर तिमाहीला साठा किती दिवसांचा आहे ते बघावं, आणि तिन्ही कंपन्या नव्या कारखान्यांवर किती खर्च करताहेत ते. एआयसाठीच्या एचबीएम या जास्त वेगाच्या मेमरी चिपला तेवढ्याच क्षमतेच्या साध्या डीरॅमपेक्षा जवळपास तिप्पट वेफर, म्हणजे चिप बनवायच्या सिलिकॉनच्या चकत्या, लागतात. त्याने साध्या मालाची टंचाई होते, हे खरं. पण टंचाईच्या भावानेच नवी कलमं लागतात. हे दुसरं वाक्यही लिहिणारा तज्ज्ञ सापडला तर त्याला वहीत वेगळं पान द्यावं.

मायक्रॉनचा डिसेंबरमधला तिमाही निकाल आपल्याकडे रात्री अडीचच्या पुढे येतो. भाचा जागणार आहे. मी सकाळचा लिलाव आटोपला की आकडे मागवते.