जेंटूवर प्रोसेसर बदलताना: स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी काय करायचं

जेंटू लिनक्समध्ये बहुतेक सगळं सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर कंपाइल होतं, म्हणजे मूळ कोडपासून बांधलं जातं. मेक डॉट कॉन्फ या सेटिंग्जच्या फाइलमध्ये ‘मार्च’ची (कुठल्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते सांगणाऱ्या पर्यायाची) किंमत ‘नेटिव्ह’ लिहिली असेल, तर ते नेमकं त्याच प्रोसेसरसाठी घडवलेलं असतं. म्हणून प्रोसेसर बदलताना महत्त्वाचं काम जुना प्रोसेसर सॉकेटमध्ये असतानाच उरकायचं असतं.

आधी एवढं पाहा की जुन्या प्रोसेसरला येणारी प्रत्येक सूचना (इन्स्ट्रक्शन) नव्याला येते का. एकाच मालिकेत वर सरकताना सहसा येते. रायझन १६०० काढून ५६०० बसवलात तर आहे ती सिस्टिम तशीच सुरू होईल. पण माझ्या एएम४ सॉकेटच्या बोर्डावर एएमडीचा ए१२-९८०० होता. त्याला एफएमए४, एक्सओपी आणि टीबीएम या सूचना येतात. रायझनमध्ये एएमडीने त्या सोडून दिल्या. सॉकेट मात्र तेच, त्यामुळे बोर्ड आपल्याला अडवत नाही. इंटेलकडेही असंच आहे: अकराव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत एव्हीएक्स-५१२ हा सूचनांचा संच होता, बाराव्या पिढीत तो अधिकृतपणे नाही.

अशी अदलाबदल तयारीविना केली, तर नसलेली सूचना वापरणारा पहिलाच प्रोग्राम ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून मरतो. तो प्रोग्राम इनिट (सुरुवातीला बाकी सगळं चालू करणारा) किंवा बॅश (कमांड घेणारा शेल) असेल तर मशीन उठतच नाही. ‘लाइव्ह यूएसबीवरून सीएचरूट करू’ (म्हणजे यूएसबीवरून मशीन सुरू करून डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरू) हा भरवसा इथे ठेवू नका. सीएचरूट केल्यावर चालतो तो तुमच्याच डिस्कवरचा बॅश, आणि तोही त्याच जागी मरतो.

जुन्या प्रोसेसरवर फ्लॅग्ज (त्याला येणाऱ्या सूचनासंचांची नावं) पाहायला प्रोक फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाइल उघडा. ‘फ्लॅग्ज’ची ओळ कॉपी करून ठेवा आणि नव्या प्रोसेसरच्या यादीशी ताडून पाहा. जुन्यातला एखादाही फ्लॅग नव्यात नसेल, तर पुढचा टप्पा टाळू नका.

वर्ल्ड संच (बसवलेली सगळी पॅकेजं) अपडेट करा, मग डेपक्लीन चालवा. नको असलेली पॅकेजं कशाला कंपाइल करायची? आता मेक डॉट कॉन्फमध्ये ‘मार्च’ला ‘नेटिव्ह’ऐवजी साधं ‘एक्स८६-६४’ द्या. ओ२ आणि पाइप हे कंपाइलरचे पर्याय तसेच राहू द्या. सीपीयू फ्लॅग्जची ओळ बंद करा. ती पॅकेज डॉट यूज फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलमध्ये असेल तर ती फाइलच बाजूला काढा. ही हमखास विसरली जाते. मग इमर्ज या पॅकेजं बांधणाऱ्या कमांडला ‘एम्प्टीट्री’ (सगळं नव्याने बांध) आणि ‘कीप-गोइंग’ (एखादं अडलं तरी पुढे जा) हे पर्याय देऊन वर्ल्ड संच पुन्हा बांधायला लावा. रात्रीचं लावलेलं बरं, कारण वेबकिट, एलएलव्हीएम आणि रस्ट तासन्‌तास घेतात. रस्ट आणि लिब्रेऑफिसची तयार बायनरी पॅकेजं मिळतात, ती घेतलीत तर बराच वेळ वाचतो. मधेच लाइट गेली तर ‘रिझ्यूम’ पर्यायाने काम राहिलं तिथून पुढे चालू होतं.

कर्नल मेक डॉट कॉन्फचं ऐकत नाही, त्याचं वेगळं पाहावं लागतं. प्रोसेसर फॅमिलीचा पर्याय दिसत असेल तर त्यात ‘जेनेरिक’ निवडा. इंटेलवरून एएमडीवर जात असाल तर केव्हीएमचे (व्हर्च्युअल मशीनसाठीचे) आणि तापमान मोजणारे ड्रायव्हर बदला. एएमडीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्या) लिनक्स-फर्मवेअर पॅकेजमध्ये येतो, इंटेलचा वेगळ्या पॅकेजमध्ये. ए१२-९८०० मध्ये ग्राफिक्स आतच होतं. मी घेतलेल्या रायझन ३६०० मध्ये नाही. त्यामुळे वेगळं कार्ड घ्यावं लागलं आणि ‘व्हिडिओ कार्ड्‌स’ची ओळही तपासावी लागली.

बायॉस अपडेट सगळ्यात शेवटी करा, आणि त्याच्या नोंदी वाचूनच. काही एएम४ बोर्डांवर नव्या रायझनसाठी जागा करताना जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला गेला. तसं असेल तर ‘चुकलंच तर जुना परत बसवू’ ही वाट बंद होते.

नवा प्रोसेसर बसवून लॉगिन मिळालं की निम्मी चिंता संपते. आता ‘मार्च’ पुन्हा ‘नेटिव्ह’ करा आणि प्रोसेसरचे फ्लॅग्ज काढून देणारं सीपीयूआयडी२सीपीयूफ्लॅग्ज चालवून निघालेली ओळ फ्लॅग्जच्या फाइलमध्ये टाका. जीसीसी हा कंपाइलर पुरेसा नवा आहे ना, ते बघा: झेन २ (झेन म्हणजे रायझनची आतली रचना, ३६०० हा झेन २) ची ओळख आवृत्ती ९ पासून आहे, तर झेन ३ साठी ११ आणि झेन ४ साठी १३ असलेली बरी. जुना जीसीसी तक्रार करत नाही, गुपचूप जवळपासचं काहीतरी धरून चालतो.

एका वेळी किती कंपाइल जॉब चालवायचे ते सांगणारं मेकऑप्ट्सही बदला, पण थ्रेड मोजून थांबू नका. दर जॉबमागे सुमारे २ जीबी रॅम धरायची. ३६०० ला १२ थ्रेड आहेत, पण १६ जीबी रॅमवर मी ८ च जॉब ठेवले. हाव धरली की मोठं सी++ पॅकेज लिंक होताना मशीन स्वॅपमध्ये रुततं.

लगेच दुसऱ्यांदा सगळं बांधायलाच हवं असं नाही. माझ्या मते ‘चेंज्ड-यूज’ पर्यायाने वर्ल्ड अपडेट पुरतं. ज्यांचे फ्लॅग बदलले तीच पॅकेजं बांधली जातात, बाकीची पुढच्या अपडेटमध्ये आपोआप ‘नेटिव्ह’ होतात. बदललेल्या कॉन्फिग फाइली डिस्पॅच-कॉन्फ या कमांडने मिळत्या करा आणि मशीन रीबूट करा.

नंतर एखादा प्रोग्राम अचानक बंद पडला तर डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) पाहा. ‘ट्रॅप इनव्हॅलिड ओपकोड’च्या ओळीत प्रोग्रामचं नाव असतं, बहुधा शेवटी लायब्ररीचंही. ती फाइल कुठल्या पॅकेजची आहे ते क्यूफाइल या कमांडने शोधा आणि तेवढं एकच पॅकेज पुन्हा बांधा.