उंची वाढवलेल्या जीपला शॉकअप निवडताना आणि बसवताना

आमच्या बीड जिल्ह्यातल्या पाणंद रस्त्यांवर पावसाळ्यात गाडी अडते ती बहुतेक वेळा चाक फसल्याने नव्हे, तर पोट टेकल्याने. काळ्या मातीत उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल जातात आणि त्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या ॲक्सलच्या हाउसिंगला (आवरणाला) खालून धरून ठेवतो. म्हणून शेतावर जाणारे, तसेच बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात भटकंती करणारे अनेक जण पाट्यांच्या (वाकवलेल्या पोलादी पानांच्या जुडग्यांवर तोललेल्या) जुन्या जीपची उंची 40-50 मिलिमीटरने वाढवून घेतात. त्यात पाटे, शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी झुलती कडी) आणि टायर यांचा खर्च आधी होतो आणि शॉकअप मात्र उरलेल्या पैशांत, दुकानात जे मिळेल ते घेतले जाते. माझ्या मते हा क्रमच चुकतो, कारण उंची वाढवलेल्या गाडीत सर्वांत आधी मार खातो तो शॉकअपच.

शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. ते काम पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे असते. दाबला गेलेला पाटा परत उसळतो, पुन्हा दबतो, आणि हे हेलकावे आतल्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलून शांत करणे, म्हणजेच त्या हालचालीची उष्णता करून टाकणे, एवढेच शॉकअपचे काम. त्यामुळे उंची कशाने वाढवली आहे हे आधी पाहावे. चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून फक्त बॉडी वर उचलली असेल, तर ॲक्सल आणि चेसिस यांच्यातले अंतर बदलत नाही आणि मूळ मापाचे शॉकअपच योग्य ठरतात. पाट्यांना जास्त बाक दिला असेल, लांब शॅकल लावले असतील किंवा पाट्याखाली ठोकळा घातला असेल, तर मात्र माप नव्याने घ्यावे लागते.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. त्यामुळे काम हाती घेण्याआधी आरटीओ कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करावी.

आता मापाकडे येतो. शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर तीन स्थितींत मोजावे : गाडी सपाट जागेवर स्वतःच्या वजनावर उभी असताना, ॲक्सल बंप स्टॉपच्या (वर येणारा ॲक्सल अडवणाऱ्या ठोकळ्याच्या) रबराला टेकलेला असताना, आणि चेसिस उचलून, शॉकअप सोडवून ॲक्सल पूर्ण खाली लोंबत असताना. माझ्या जीपच्या मागच्या बाजूला ही मापे अनुक्रमे 440, 370 आणि 540 मिलिमीटर आली. जोराच्या आदळीत रबर स्वतःही दबते, म्हणून त्यासाठी 20 आणि सुरक्षिततेसाठी आणखी 10 मिलिमीटर वजा केले. म्हणजे मला पूर्ण मिटल्यावर 340 पेक्षा लहान आणि पूर्ण उघडल्यावर 540 पेक्षा थोडा मोठा शॉकअप हवा होता. मिटून 335 आणि उघडून 545 हे माप त्यात नेमके बसते.

हे गणित मी पहिल्या वेळी केले नव्हते. "गाडी उंच केली म्हणजे जितका लांब तितका चांगला," असे सांगून एका दुकानदाराने मला मिटून 375 आणि उघडून 600 चा जोड दिला. ॲक्सल रबराला टेकण्याच्या 5 मिलिमीटर आधीच तो शॉकअप तळाला लागत होता. एका कोरड्या ओढ्यात उतरताना मागचे उजवे चाक खडकावर आदळले, दांडा वाकला आणि खालचा ब्रॅकेट वेल्डिंगसह हाउसिंगवरून उपटला गेला. उलट शॉकअप आखूड पडला, तर चाक खाली लोंबताना तो पूर्ण ताणला जातो, ॲक्सलचे सारे वजन त्याच्या दांड्यावर येते आणि आतला पिस्टन किंवा बुश तुटतो. वर जाणारा ॲक्सल थांबवावा बंप स्टॉपने आणि खाली येणारा थांबवावा पाट्याने किंवा लिमिट पट्ट्याने (ॲक्सलला ठरावीक अंतराखाली जाऊ न देणाऱ्या पट्ट्याने). ती जबाबदारी शॉकअपवर कधीही येऊ देऊ नये. बाजारात नेमके माप मिळत नसेल, तर बंप स्टॉप थोडा खाली उतरवून लांब शॉकअपसाठी जागा करता येते. मोठे टायर मडगार्डला घासत असतील, तर तो उतरवावा लागतोच.

प्रकाराबाबत माझे मत स्पष्ट आहे. शेतीच्या आणि रोजच्या कामाला कमी दाबाचा नायट्रोजन असलेला दुहेरी नळीचा शॉकअप पुरेसा आहे. त्याच्या बाहेरच्या नळीला दगडाने थोडा पोचा पडला तरी आतला पिस्टन फिरत राहतो. एकेरी नळीत पिस्टन थेट बाहेरच्या भिंतीला घासत चालतो, त्यामुळे तिथे पोचा पडला की शॉकअप कामातून जातो. मात्र एकेरी नळी उष्णता लवकर बाहेर टाकते. एप्रिल-मेच्या उन्हात मुरमाच्या खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास गाडी चालवणाऱ्याच्या दुहेरी नळीतल्या तेलाला फेस येऊन गाडी डुलू लागत असेल, तर त्याने एकेरी नळीचा विचार करावा. दुहेरी नळीचा शॉकअप उलटा बसवता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

लांबीइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे कडकपणा. फक्त शॅकल किंवा ठोकळ्याने उंची वाढवली असेल, तर पाट्याचा जोर तेवढाच राहतो आणि मूळ गाडीइतकाच कडक शॉकअप चालतो. जादा पान घातले असेल, तर पाटा अधिक जोराने उसळतो, म्हणून उघडताना जास्त विरोध करणारा शॉकअप मागावा. गरजेपेक्षा कडक शॉकअप लावल्यास चाक खड्ड्यात वेळेवर उतरत नाही आणि खडबडीत वळणावर गाडी बाजूला सरकते. बसवण्याचा कोनही पाहावा : शॉकअप ॲक्सलच्या हालचालीच्या दिशेपासून 30 अंश कलला तर त्याचा परिणाम सुमारे तीन चतुर्थांश राहतो आणि 45 अंशांवर निम्मा होतो. म्हणून लांब शॉकअप मावत नाही म्हणून तो आडवा करणे हा चांगला उपाय नव्हे.

बसवण्याच्या आदल्या रात्री सर्व नट ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे. काळी माती आट्यांत सिमेंटसारखी बसलेली असते आणि तशीच जबरदस्ती केल्यास बोल्ट तुटतो. गाडी पक्क्या फरशीवर घेऊन चाकांना पाचर लावावी, चेसिस भक्कम स्टँडवर टेकवावी आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. ज्या गाड्यांत स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली असते, तिथे वरचा मधला नट स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरशिवाय सोडल्यास दबलेली स्प्रिंग जिवावर बेतू शकते. ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावे.

दुहेरी नळीचा नवा शॉकअप आडवा पडून राहिलेला असतो आणि त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो उभा धरून पूर्ण उघडावा, उलटा करून मिटवावा आणि असे चार-पाच वेळा करावे. सुरुवातीला हाताला जाणवणारा पोकळ झोल नाहीसा होऊन दांडा सर्वत्र सारख्या विरोधाने सरकू लागला, की तो तयार झाला. त्यानंतर तो उभाच ठेवावा. आधी वरचे टोक बसवावे, मग जॅकने ॲक्सल वरखाली करून खालचा बोल्ट सहज आत सरकेल अशी जागा आणावी. गॅसच्या शॉकअपला मिटलेला धरून ठेवणारी पट्टी वरचे टोक बसल्यावरच कापावी. दोन्ही बोल्ट हाताने लावून गाडी चाकांवर उतरवावी आणि त्यानंतरच टॉर्क पान्याने गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याइतके आवळावेत. चाके लोंबत असताना आवळले, तर बुशचे रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. दांड्याच्या टोकाला रबरी वॉशर असलेल्या प्रकारात रबर पत्र्याच्या वॉशरइतके फुगले की थांबावे.

गाडी पुन्हा उचलून ॲक्सल लोंबकळत ठेवावा आणि ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, हे पाहावे. तो ताणलेला असेल तर लांब होज लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर शॉकअपला घासतो का, तेही तपासावे. मग एक चाक बांधावर चढवून दुसऱ्या बाजूनेही तीच पाहणी करावी.

पहिल्या 100 किलोमीटरनंतर शॉकअपचे बोल्ट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. पावसाळ्यात शेतातून परतल्यावर त्याच संध्याकाळी दांड्यावरची माती पाण्याने धुवावी, कारण वाळलेले ढेकूळ दांड्याबरोबर आत ओढले गेले की ते सील कापते. खडबडीत रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर एकाच ॲक्सलवरच्या दोन्ही शॉकअपना सावधपणे हात लावून पाहावा. दोन्ही सारखेच गरम असायला हवेत. त्यांतला एक थंडच राहिला असेल, तर तो काम करत नाही, आणि तेव्हा दोन्हींची जोडी एकत्रच बदलावी.