आरोग्य केंद्राचा निधी खर्च करताना या चुका टाळा

निधी पुरत नाही ही ओरड खरीच आहे. पण तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांची दप्तरं तपासायला बसलं की आलेला निधी कसा मातीत जातो तेही दिसतं. आरोग्य सेविका बदलते, वैद्यकीय अधिकारी बदलतात. चुकांची मात्र कधी बदली होत नाही.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आलं तेव्हापासून गावपातळीवर अबंधित निधीची, म्हणजे स्थानिक गरज बघून समितीने ठरवून खर्चायच्या पैशाची, सोय आहे. गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपये आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीला १ लाख, ही त्याची मूळ आखणी. रक्कम काही फार नाही, म्हणूनच ती जपून वापरावी लागते.

आधी यंत्र, मग गरज. माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं ते इथे. एका केंद्राने रक्ततपासणीचं सेमी-ऑटो अ‍ॅनालायझर मागितलं. कारण काय, तर शेजारच्या केंद्राला मिळालं होतं. प्रस्तावही त्यांचाच उतरवलेला. एका परिच्छेदात गावाचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. तरी मंजुरी मिळाली. यंत्र आलं तेव्हा प्रयोगशाळा तंत्रज्ञाचं पद रिकामं होतं, खोलीत अर्थिंग धड नव्हतं आणि रीएजंटसाठी, म्हणजे तपासणीला लागणाऱ्या रसायनांसाठी, खर्चाच्या कुठल्याच शीर्षात रुपया धरलेला नव्हता. यंत्रासोबत आलेल्या बाटल्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसी थंड ठेवायच्या फ्रीजमध्ये, ठेवू या, अशी टूम कोणीतरी काढली. आयएलआर फक्त लसींसाठी असतो. सेविकेने झाकणाला हात लावू दिला नाही, तिचे आभार मानायला हवेत. पुढे तंत्रज्ञ हजर झाला तोवर बाटल्या कालबाह्य झाल्या होत्या. वॉरंटी यंत्र पोचल्याच्या तारखेपासून चालू झालेली, तीही संपली होती.

प्रस्ताव हातात आला की मी किंमत नंतर बघतो. आधी विचारतो: हे चालवणार कोण? प्लग कुठल्या भिंतीवर आहे? वर्षभराचं साहित्य कशातून येणार? बिघडलं तर फोन कोणाला करायचा? एकाचं जरी उत्तर ‘बघू’ असं आलं तरी कागद परत. लोकांना राग येतो, येऊ दे. सोनोग्राफीचं यंत्र मागणाऱ्यांनी गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४च्या पीसीपीएनडीटी कायद्याखालची नोंदणी आधी बघावी, एक्स-रे मागणाऱ्यांनी अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना.

जागा नसताना इमारत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला ७०,०५१ कोटींची शिफारस केली. इमारत नसलेल्या उपकेंद्रांचं बांधकामही त्यात होतं. मंजुरी आल्यावर सातबारा शोधायला धावणारी गावं पाहिली की हात जोडावेसे वाटतात. तोंडी दिलेली जागा पाया खणायच्या दिवशी भावकीत अडकते. आणि जागा फुकट मिळते म्हणून ओढ्यापलीकडे इमारत बांधू नका. पावसाळ्यात तिथे बाळंतीण कशी पोचणार?

खर्च आधी, ठराव नंतर. फेब्रुवारीपर्यंत सगळं निवांत असतं. मार्च उजाडला की खुर्च्या, पडदे, फलक, जे दुकानात असेल ते उचललं जातं आणि मग त्या बिलांना शोभतील असे ठराव मागच्या तारखेने लिहायला घेतात. एका समितीच्या इतिवृत्तात डिसेंबरच्या सभेखाली सरपंचांची ठसठशीत सही होती. अडचण एवढीच, की ते सरपंच झाले जानेवारीत. त्याच फाइलमध्ये तीन दुकानांची तीन दरपत्रकं होती आणि तिन्हींत ‘स्ट्रेचर’चं ‘स्टेचर’ झालेलं. खरेदी खरी होती, स्ट्रेचर रोज वापरात होतं, कोणी पैसा खाल्ला नव्हता. तरी लेखापरीक्षणात आक्षेप लागला आणि तो निस्तरता निस्तरता पुढचं वर्ष गेलं. पुरवठादार ‘साहेब, कागदपत्रं आम्हीच करून देतो’ म्हणाला की मी त्याला चहा पाजून वाटेला लावतो. नव्याने रुजू झालेल्या मुलांना ही मोठी सोय वाटते. आक्षेपाचं उत्तर लिहायला तो पुरवठादार येत नाही, हे त्यांना वर्षभराने कळतं.

माझा शिरस्ता साधा आहे. सभा एप्रिलमध्येच घ्यायची. आशा आणि सेविकांना आधी बोलू द्यायचं, कारण प्रसूतिगृहातला नळ गळतो हे त्यांना माहीत असतं. यादी करायची, प्राधान्य ठरवायचं, सह्या त्याच बैठकीत घ्यायच्या. मंजूर कार्यवाहीत, म्हणजे आरओपी या वरून येणाऱ्या मंजुरीच्या कागदात, त्या वर्षी आपल्या वाट्याला प्रत्यक्ष किती आलं आणि कुठल्या शीर्षाखाली, ते वाचल्याशिवाय दुकानात जायचं नाही.

‘खात्यात पडू दे, पुढच्या वर्षी बघू’ हेही आता सोडा. २०२१ पासून एकल नोडल खात्याची पद्धत आली. तेव्हापासून पैसा वरच राहतो, खालच्या खात्यात पडून राहत नाही, आपल्याला मिळते ती फक्त खर्चाची मर्यादा. ती वर्षाअखेरीनंतरही तशीच राहील या भरवशावर बसू नका.

आता किरकोळ, पण दरवर्षी नडणाऱ्या गोष्टी.

अबंधित निधीतून पगार, वाहनखरेदी किंवा ग्रामपंचायतीचा खर्च भागवायचा नसतो. सरपंच कितीही जवळचे असोत.

ठेकेदाराला दिलेला अ‍ॅडव्हान्स हा खर्च नव्हे. काम पूर्ण होऊन बिल येईपर्यंत तो उपयोगिता प्रमाणपत्रात खर्च म्हणून दाखवू नका.

वस्तू आली त्याच दिवशी साठा नोंदवहीत चढवा. ‘नंतर लिहू’ म्हणून ठेवलेलं बीपी मशीन कोणाच्या घरी गेलं ते शेवटपर्यंत सापडत नाही.

रोख काढून वाटप करू नका. पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरून पैसे गेले की व्यवहार क्रमांक त्याच बिलावर पेनाने लिहा, खाली नोंदवहीचा पान क्रमांक. मी बिलाची झेरॉक्सही लगेच काढून फाइलला लावतो, कारण थर्मल कागदावरचं बिल तपासणी येईपर्यंत कोरं झालेलं असतं.