दोन महायुद्धांच्या मधल्या डच डिस्ट्रॉयरची कुंडली कशी काढायची

डच डिस्ट्रॉयरबद्दल (म्हणजे छोटी, वेगवान युद्धनौका) कुठंही वाचा, 1928 च्या आसपास नौदलात दाखल आणि 1942 मध्ये जावाच्या आसपास बुडालं, विषय संपला. मधली तेरा-चौदा वर्षं जहाज काय गोट्या खेळत होतं? ती वर्षं घरबसल्या शोधता येतात, फक्त नावांचा घोळ आधी समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखं होईल.

सुरुवातीला ॲडमिरालेन क्लासमधलंच, म्हणजे त्या एकाच डिझाइनच्या गटातलं, एखादं जहाज घ्या. एकूण 8, डिझाइन ब्रिटिश यॅरो कंपनीचं, चार 120 मिमी तोफा, सहा टॉर्पेडो ट्यूब, 36 नॉट्स स्पीड, वर एक छोटं फोकर सी-प्लेन पण. बहुतेकांची नोकरी डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, मुख्य तळ सुरबाया.

आता घोळ. यातलं 'व्हॅन गेंट' घ्या, त्याचं मूळ नाव 'दे रॉयटर'. 1934 मध्ये ते नाव काढून नव्या क्रूझरसाठी (डिस्ट्रॉयरपेक्षा बरीच मोठी युद्धनौका) ठेवलं आणि ती क्रूझर 1936 ला सेवेत आली. म्हणजे 1930 च्या बातमीतलं 'दे रॉयटर' डिस्ट्रॉयर आणि 1937 च्या बातमीतलं क्रूझर! मी अख्खी संध्याकाळ क्रूझरच्या बातम्या डिस्ट्रॉयरच्या खात्यात टाकत बसलो होतो, शेवटी एका ठिकाणी खलाशांचा आकडा 400 च्या वर दिसला तेव्हा ट्यूब पेटली, एवढी माणसं या बोटीत मावतील कुठं? म्हणून शोधायच्या आधी कागदावर नाव आणि ते कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत होतं हे लिहून घ्या.

मग डेल्फर ही वेबसाइट उघडा, डच जुने पेपर तिथं फुकट आहेत, ईस्ट इंडीजमध्ये छापलेले पण. इंग्रजीत टाइप केलं तर हाती काहीच लागत नाही. डिस्ट्रॉयरला डचमध्ये टॉर्पेडोबोटयागर म्हणतात, बातमीत नुसतं यागर पण येतं, यागर म्हणजे शिकारी. गावांची नावं जुन्या डच स्पेलिंगने टाका, सुरबायातला 'उ' म्हणजे ओ-ई आणि 'य' म्हणजे जे. स्कॅन जुने आहेत त्यामुळे मशीन अक्षरं चुकीची वाचतं, लांबलचक डच शब्द ओळीच्या शेवटी तुटलेला असला की सापडतच नाही, म्हणून अर्धा शब्द टाकून पण बघा.

जहाज परदेशी गेलं असेल तर तिथले पेपर जास्त कामाचे, कारण पाहुणं जहाज आलं की ते भरभरून लिहितात. 1930 मध्ये 'जावा' क्रूझर 'एव्हर्टसन' आणि 'दे रॉयटर'ला घेऊन ऑस्ट्रेलियात गेली होती, त्यासाठी ट्रोव्ह हे ऑस्ट्रेलियाच्या जुन्या पेपरांचं ऑनलाइन भांडार बघा. सिंगापूरच्या पेपरांचं पण असंच ऑनलाइन भांडार आहे.

फेब्रुवारी 1933 मात्र सोडू नका. पगारकपातीवरून चिडलेल्या खलाशांनी 4 तारखेला आचेजवळ 'दे झेवन प्रोविन्सियन' हे जहाजच ताब्यात घेतलं, पाठलागाला 'जावा', 'पीट हाइन' आणि 'एव्हर्टसन', आणि 10 तारखेला विमानातून बॉम्ब टाकला, 23 माणसं गेली. तुमचं जहाज त्या आठवड्यात कुठं होतं हे शोधलंत की त्या महिन्याचा अर्धा हिशोब लागतो.

तारखा लिहिताना बातमीची तारीख आणि घटनेची तारीख असे दोन वेगळे रकाने ठेवा, तारेने आलेली बातमी दुसऱ्या गावच्या पेपरात दोन दिवसांनी पण छापून यायची. फोटो हवे असतील तर डच मिलिटरी हिस्टरी इन्स्टिट्यूटचा संग्रह बघा, कागदपत्रं हेगच्या नॅशनल अर्काइव्हमध्ये. आणि 'व्हॅन गेंट'ची शेवटची ओळ आत्ताच भरून टाका: 15 फेब्रुवारी 1942, गास्पार सामुद्रधुनीत खडकावर चढलं, माणसं याच क्लासच्या 'बँकर्ट'ने उचलली. आता वरच्या रिकाम्या ओळी तेवढ्या भरायच्या राहिल्यात.